तीन नंबरचं कुंकू

सबा मॅडमनी ट्रेवर उलटा हात ठेवला आणि तसाच धरून राहिल्या. लेकराचं अंग तापलंय का ते आपण बघतो ना, तसा. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाल्या, "कुंदाताई, पळू नका. चालत जा आणि वाळूची बादली आणा."

पळू नका म्हटलं म्हणूनच मी घाबरले. सबा इनामदार म्हणजे आमच्या कारखान्यातल्या क्वालिटीच्या प्रमुख. बत्तीस-तेहतीसची पोरगी, पण उगाच हळू बोलणाऱ्यातली नाही. मी बादली बाहेरच्या ओट्यावर आणून ठेवली. त्यांनी लांब चिमट्यानं पंधराव्या ट्रेमधला एक सेल उचलला, दारापर्यंत सहा पावलं चालल्या आणि तो वाळूत खुपसला. आम्ही मागं सरतो न सरतो तोच आतून शिट्टी वाजली, वाळू उडाली आणि हातभर ज्वाळा वर आली. पांढरा धूर, त्याला गोडसर वास. अंगठ्याहून जरासा जाड एवढाच तो सेल. मिनिटभरात सगळं शांत झालं.

सकाळचे दहा वीस झाले होते. त्या खोलीत असेच दोन हजार सेल ओळीनं उभे होते, आणि चार वाजता ते न्यायला ट्रक येणार होता.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हाची. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत बेहेरे साहेबांनी लिथियम बॅटरीचे सेल बनवायचा कारखाना काढला होता. बॅटऱ्या जोडून विकणारे पुष्कळ झाले होते, पण बॅटरीच्या आतला सेल बाहेरच्या देशातून यायचा. साहेबांना त्याचीच चीड. दुसऱ्याच्या सेलवर आपलं स्टिकर चिकटवायचं, याला कारखाना म्हणतात का, असं ते येता-जाता म्हणायचे. मशीनं मात्र त्यांनाही बाहेरूनच आणावी लागली. ती बसवायला आलेली माणसं व्हिसा संपला म्हणून काम अर्ध्यावर टाकून गेली आणि मागं जाडजूड पुस्तकं ठेवून गेली, ज्यांतलं एक अक्षर आम्हाला वाचता येईना. मग आम्हीच चुकत चुकत शिकलो आणि शिकलेलं दोनशेपानी वहीत मराठीत लिहून ठेवलं. ती वही माझ्या अक्षरातली आहे, अजून कारखान्यात आहे.

मी गुंडाळणीच्या मशीनवर होते. आधी अंबडला बारा वर्षं मोटारीच्या कॉइल गुंडाळल्या, म्हणून मला घेतलं. काम सांगायला सोपं आहे. दोन लांब पट्ट्या, त्यांच्या मध्ये केसाहून पातळ पडदा, हे सगळं घट्ट गुंडाळायचं आणि डब्यात घालायचं. पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं की दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि मग जे होतं ते बादलीत झालं. म्हणून तयार झालेला सेल तीन आठवडे नुसता ठेवतात. आतलं दुखणं तेवढ्या दिवसांत वर यावं अशी अपेक्षा असते.

पुण्याकडची एक स्कूटर कंपनी आमचे सेल वापरून बघायला तयार झाली होती. दहा स्कूटरी, त्यांना सोळाशे सेल. त्या नीट चालल्या तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर ते आपले पुन्हा बाहेरचे सेल घ्यायला मोकळे. आम्ही एकशे ऐंशी माणसं त्या एका ट्रकवर डोळे लावून बसलो होतो.

त्या कंपनीचा स्कूटरी चालवून बघणारा माणूस आधी दोनदा येऊन गेला होता. हणमंत फडतरे, वाईकडचा. कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर बसून मिसळ खाल्ली, मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. सात महिन्यांची, कानांत डूल. म्हणाला, "ताई, तुमचा सेल बरोबर माझ्या बुडाखाली असतो. तेवढा नीट गुंडाळा म्हणजे झालं." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

बादलीतला धूर विरला तसं मॅडमनी सगळ्या सेलचं व्होल्टेज पुन्हा मोजायला घेतलं. अजून एक उतरलेला सापडला. तोही त्याच ट्रेमधला, त्याच दिवशी गुंडाळलेला, डब्यांच्या त्याच खोक्यातला. त्यांनी तो वरच्या लॅबमध्ये काचेच्या पेटीत उघडला, गुंडाळी सोडली आणि पडद्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बेहेरे साहेब धावत आले होते. एकसष्ट वर्षांचा माणूस, जिना चढून धापा टाकत उभा.

"ताई, तुमची नजर चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "हे काय वाटतं?"

मी डोळा लावला. पडद्यावर जळका काळा डाग होता आणि त्याच्या कडेला एक लाल कण. गंजाचा लाल नव्हे. हा लाल मी लग्नापासून रोज सकाळी आरशासमोर बोटावर घेत आलेले.

"गंज असेल," मी म्हणाले.

साहेबांनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावून होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "गंजच आहे. डब्यांच्या खोक्याला ओल लागली असणार."

मॅडमना काही पटलेलं नव्हतं. त्यांना अजून आठ दिवस हवे होते. पण कंपनीनं मुदत आधीच दोनदा वाढवून दिलेली, ती आज संपत होती. शेवटी त्या खोक्यातल्या डब्यांचे तीनशे सेल बाजूला काढायचे आणि उरलेले सतराशे चढवायचे असं ठरलं. सही करताना मॅडमनी पेन दोनदा खाली ठेवलं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, पहिली दहा मिनिटं मला फक्त माझीच काळजी होती.

आता तो लाल कण आला कुठून ते सांगते.

सेलला हवेतली ओल सोसत नाही. म्हणून गुंडाळणी चालते ती खोली इतकी कोरडी ठेवतात की तासाभरात ओठ फुटतात. आत जाताना डोळे सोडून सगळं झाकायचं. बांगड्या, मंगळसूत्र, पावडर, काजळ, काही न्यायचं नाही. दारापाशी आरसा, बेसिन आणि कापूस ठेवलेला. तिथं कुंकू पुसायचं. आम्ही अकरा बायका रोज सकाळी ओळीनं उभ्या राहून आपापलं कपाळ पुसायचो. पहिल्या आठवड्यात दोघी रडल्या तेव्हा मीच त्यांना हसले होते. मग भादव्यात माझ्या नवऱ्याचा टेम्पो घोटीच्या अलीकडे उलटला. पायात सळया घालाव्या लागल्या. दवाखान्यात सगळ्यांसमोर सासूबाई म्हणाल्या, "रोज उठून कपाळ पुसतेस, दुसरं काय होणार?" मी तिथल्या तिथं उत्तर दिलं, माझं तोंड काही कमी नाही. पण ते वाक्य मनात रुतलं ते रुतलंच. त्यानंतर कपाळ मी सगळ्यांत शेवटी पुसायचे.

त्यात माझं तीन नंबरचं मशीन छळत होतं. मशीनं एकूण तीन. दोन नंबर सुट्या भागांसाठी खोलून ठेवलेलं, एक नंबर बरं चालायचं, आणि तीन नंबर दर वीस मिनिटांनी पट्टी तिरकी घ्यायचं की अडलंच. अशात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही कारखान्यात मशीन धुऊनपुसून हार घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. साहेबांनी मात्र आम्हाला गेटपाशी बोलावून हात जोडले. मशीनच्या फोटोची पूजा गेटवर करू, नारळ रस्त्यावर फोडू, पण फुलाची पाकळीसुद्धा आत जाता कामा नये. सगळे हो म्हणाले. फोटोला हार घातला, पेढे वाटले. मला मेलं ते नाटक वाटलं. ज्या मशीनवर रोज आठ तास हात चालतो, त्याला खंडेनवमीला बोटसुद्धा लावायचं नाही?

मी चिमूटभर कुंकू प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून हातमोज्यातून आत नेलं. जेवणाच्या सुट्टीला सगळे उठले तेव्हा मागं रेंगाळले आणि तीन नंबरच्या बाजूच्या पत्र्यावर, कुणाला दिसणार नाही असं, एक बोट टेकवलं. मनात म्हटलं, माझ्या कपाळाचं तुला दिलंय, आता माझ्या माणसाला सांभाळ आणि तूही नीट चाल. बाहेर पडताना साहेब समोरून एकटेच आत शिरले. वाटलं आता पकडली जाते. पण ते एक नंबरपाशी थांबले आणि पाच मिनिटांत परत आले.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून तीन नंबर अडायचं थांबलं. नवरा काठी घेऊन चालायला लागला. मी येता-जाता तीन नंबरला मनातल्या मनात नमस्कार करायचे.

एक गोष्ट डोक्यातच आली नाही. बाहेर कुंकू आपण ओल्या बोटानं लावतो, मग ते धरून राहतं. आत ओल टिकतच नाही. ते तासाभरात सुटून भुकटी झालं असणार, आणि पट्टीवरची धूळ उडवायला मशीनमध्ये सारखा वारा सोडलेला असतो. माझ्या पुडीतल्या कुंकवात लोखंडाची लाल माती मिसळलेली होती, हे पुढं तपासल्यावर निघालं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की वारा काही डब्यांचं खोकं बघून वाहिला नसेल. तीनशे बाजूला काढले, पण तीन नंबरचे आणखी नऊशे ट्रकमध्ये चढणार होते.

जेवणाचा डबा मी उघडलाच नाही. ट्रे भरायला मलाच लावलं होतं. प्रत्येक ट्रेवर मी उलटा हात ठेवून बघत होते. सगळे गार. त्यानं तर जास्तच भीती वाटायला लागली, कारण सकाळचा तो सेलही काल संध्याकाळी गारच होता. बोलावं तर काय होईल याचा हिशेब डोक्यात चालू. एकशे ऐंशी चुली बंद पडतील. नवरा घरी बसलेला, माझाही पगार गेला तर सासूबाईंची औषधं कुठून? पोलीस येतील का? आणि आमच्या अकराजणींना मशीनवर घेतलं होतं ते मॅडमनी भांडून. पुन्हा कोण घेईल बायकांना?

ट्रक सव्वातीनलाच येऊन लागला. फडतरे पुढून उतरला, हातात हेल्मेट. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ताई, नीट गुंडाळले ना?" मला हसताही येईना. त्याचं आपलं चालूच होतं. दिवाळीत मुलीचं जावळ काढलं, आता पोरगी ओळखूच येत नाही, हा बघा फोटो. सोमवारी पहिली स्कूटर तोच काढणार होता. मागं पोतं बांधून थेट घाटात, सेल किती तापतात ते बघायला.

मी शेवटचा ट्रे उचलला आणि तो ट्रकपर्यंत नेणं मला जमेना. ट्रे खाली ठेवला आणि बेहेरे साहेबांपुढं जाऊन उभी राहिले.

"साहेब, ट्रक थांबवा."

"का? काय झालं?"

"तो गंज नव्हता. कुंकू होतं. खंडेनवमीला मी लावलं होतं, तीन नंबरला."

आवाज माझा होता, पण मला तो लांबून आल्यासारखा ऐकू आला. ट्रकवरचे लोक हात थांबवून बघत राहिले. मॅडम फाइल घेऊन पुढं आल्या.

"सकाळी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"भ्याले."

त्या मला काहीही बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. पण त्या फाइल उघडून पानं उलटायला लागल्या. तीन नंबरचे सगळे ट्रे उतरवा म्हणून त्यांनी लोकांना सांगितलं. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या की एक नंबरचे आठशे वेगळ्या ट्रेमध्ये आहेत, त्यांतल्या एकाचंही व्होल्टेज उतरलेलं नाही, पाच स्कूटरी तरी होतील. फडतरेही म्हणाला, पाच तर पाच, मी ऑफिसला समजावतो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हटलं, चला, निम्मं तरी वाचलं. मला काढतील, पण कारखाना राहील.

साहेब ट्रकच्या फळीला हात टेकवून उभे होते.

"साहेब, एक नंबरचे जाऊ देत ना?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"नको."

"अहो, पण ते चांगले आहेत."

"सबा," साहेब म्हणाले, "एक नंबरला मी लावलंय."

साहेबांनी उजवा हात उघडून स्वतःकडे धरला होता. पस्तीस वर्षं हात जोडल्याशिवाय एक मशीन चालू केलं नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. एवढंसं बोट, त्यानं काय होतंय, असं वाटलं म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही सकाळी गंज म्हणालात, कुंदाताई, तेव्हा मला बरं वाटलं."

तेव्हा मला कळलं की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते इतका वेळ काय बघत होते. मी गप्प बसले असते तर तेही बसले असते.

फडतरे ओट्याच्या कडेला बसला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्यावरचा ओरखडा नखानं खरवडत राहिला. मग त्यानं विचारलं, "सोमवारी मीच बसणार होतो ना?" ट्रक रिकामा परत गेला.

ऑर्डर गेली. कंपनीनं त्या वर्षी बाहेरचेच सेल घेतले. आमचा कारखाना चार महिने बंद होता, निम्मी माणसं दुसरीकडे लागली. मला काढलं नाही. काढणार कोण? ते सगळे सेल मागच्या मैदानात वाळूच्या खड्ड्यांत ठेवले होते, एक नंबरचे एका खड्ड्यात, तीन नंबरचे दुसऱ्यात. सबा मॅडम आणि मी रोज जाऊन बघायचो. दोन महिन्यांत माझ्या तीन नंबरचे चार पेटले. एक नंबरचे सात. ट्रक आला त्या दिवशी त्या सातांतल्या एकाचंही व्होल्टेज कमी नव्हतं.

सातांतला पहिला पेटला तो त्याच सोमवारी, सकाळी साडेअकराला. शिट्टी ऐकून मी मैदानात धावले आणि खड्ड्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मॅडमनी मला धरलं. मी नुसती त्या घाटाचा रस्ता डोळ्यांपुढं आणत होते.

आता कारखाना चालतोय. त्याच स्कूटर कंपनीनं तीन वर्षांनी पुन्हा दार उघडलं आणि आज आमचे सेल त्यांच्या स्कूटरींत आहेत. फडतरे त्यांतलीच एक चालवतो, दिवाळीला फोन करतो. मुलगी चौथीत आहे त्याची. त्याचा फोन वाजला की अजूनही मी दोन रिंगा जाऊ देते, मग उचलते.

खंडेनवमीला गेटवर फोटोची पूजा होते. त्या दिवशी कोरड्या खोलीच्या दारात मी उभी असते, हातात ओलं पांढरं फडकं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची दहा बोटं मी पुसून बघते, मग सबा मॅडम माझी बघतात. पहिला नंबर साहेबांचा. यंदा सत्तरी झाली त्यांची, तरी त्या दिवशी ते येतातच. यंदाही आले.

"साहेब, हात," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढं केला. उजव्या हाताचं मधलं बोट पुसलं आणि फडकं लाल झालं. मी घडी बदलून पुन्हा पुसलं. पुन्हा लाल. गेटवरच्या पूजेचं असेल, नखाशी राहिलं असेल. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

"आज आत नाही, साहेब," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.